हाताने घोटलेला

थोरल्या सुनेनं डावीकडची रंगाची ट्यूब उचलली. दिराचा चेहरा उतरला असणार, हे तिला मागे न बघताही कळलं.

उजवीकडची उचलायची ठरली होती. सकाळपासून त्यानं चारदा बजावलं होतं, "वहिनी, उजवीकडची. तुमची. खोक्यातल्या मालाला हात लावायचा नाही." उजवीकडची तिनं स्वतः घोटलेली. लाल पूड आणि जवसाचं तेल, दगडी फरशीवर काचेच्या बसक्या बत्त्याखाली आठ-आठ तास, तिसरं काही नाही. डावीकडची खोक्यातली. तो माल दिरानं मिक्सरमधून काढला होता, एक भाग रंगाला तीन भाग खडूची भुकटी घालून. लेबल दोन्हींवर एकच होतं: चित्रकारांसाठी, शुद्ध, हाताने घोटलेला.

समोर स्टुलावर व्यापारी बसला होता. त्याची गावोगावी दुकानं. त्यानं आज सही केली की वर्षभर सगळा माल तो नेणार होता. मग मिक्सर पुढच्या खोलीत येणार आणि तिची फरशी मागच्या दारी जाणार. दिरानं हमालसुद्धा सांगून ठेवले होते.

तिनं काचेवर दहा ठिपके पांढरा घेतला. त्यात एक ठिपका खोक्यातला लाल. चाकूनं कालवला. रंगातली लबाडी अशीच पकडतात. नुसता बघितला तर खडूचा लालही लालच दिसतो. तेलात खडू लपून बसतो. पांढऱ्यात घातला की त्याची लायकी कळते.

कवळीच्या हिरड्यांसारखा गुलाबी झाला.

शेजारी तिनं पुन्हा दहा ठिपके पांढरा मांडला आणि त्यात एक ठिपका स्वतःचा. चाकू दोनदा फिरला न फिरला तोच सगळा पांढरा पेटला. एकटा दहांना पुरून उरला.

"हा माझा," ती म्हणाली. "आणि तो मिळमिळीत खोक्यातला. तुमच्या पदरात तोच पडणार आहे. भाऊजींनी सांगितलं नसेल. त्यांना कामं फार."

"तेलाच्या वासानं वहिनींचं डोकं फिरतं कधीकधी," दीर हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. "घरातली भांडणं पाहुण्यांपुढे काढायची सवय आहे त्यांना."

"भांडण नाही, खडू आहे. एकाला तीन. त्या कोपऱ्यात पोतं आहे, बघून घ्या."

आता हा माणूस उठेल आणि ट्यूब दिराच्या तोंडावर फेकेल, याची ती वाट बघत होती. गेले तीन दिवस ती मनातल्या मनात हेच बघत होती.

व्यापाऱ्यानं चष्मा लावला. वाकून दोन्ही रंग पाहिले. मग हिरड्यांच्या रंगावर बोट ठेवलं.

"हाच द्या."

त्याला समजलं नसावं, असं तिला वाटलं. "अहो, तो खडूचा आहे."

"ऐकलं मी. वीस वर्षं रंगच विकतोय, वहिनी. तुमचा हा लाल माजोरडा आहे. टिपूसभर पडला तरी अख्खं चित्र गिळतो. गिऱ्हाईक घाबरतं, ट्यूब परत आणून देतं. हा बघा कसा गरीब. कुणातही मिसळा, हूं की चूं नाही." त्यानं दिराकडे बघून डोळा मिचकावला. "घरातसुद्धा असाच बरा, काय?"

दीर हसला. सुटका झाल्यासारखा, पोट धरून.

"मग लेबल बदला," ती म्हणाली.

"लेबलावरच तर विकायचाय. ते राहणार." व्यापाऱ्यानं खिशातून फोन काढला. "उलट खोक्यावर तुमचा फोटो टाकू. फरशीवर बत्ता फिरवताना. बाही जरा वर घ्या, हात दिसू देत. लोकांना कष्टाचे हात फार आवडतात."

ती जागची हलली नाही. दीर जवळ आला. आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाला, "वहिनी, घ्या ना बाही वर. आपल्याच घराचं नाव होतंय." आणि त्याहून खाली, "नाहीतर बत्ता धरायला दुसरी बाई आणीन. फोटोत हातच दिसायचेत. हाताला काय तोंड असतं?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग बाही कोपराच्या वर सारली.

"बघा," दीर व्यापाऱ्याला म्हणाला, "ऐकतात हो आमच्या वहिनी."

ती लाल पुडीच्या बरणीजवळून पुढे गेली. कोपऱ्यातल्या पोत्याचं तोंड सोडलं, पत्र्याचं माप भरून घेतलं आणि आणून फरशीवर उपडं केलं. पांढरा ढीग पडला. भुकटी उडून व्यापाऱ्याच्या काळ्या बुटांवर बसली. तेलाचा थेंबही तिनं घेतला नाही. ढिगावर बत्ता ठेवला आणि दोन्ही हातांचा भार देऊन गरगर फिरवायला लागली. कोरडी भुकटी काचेखाली दात शिवशिवतील अशी किंचाळत होती.

"वहिनी," दीर म्हणाला.

तिनं मान वर करून सरळ फोनमध्ये पाहिलं. "काढा."

व्यापाऱ्याचा अंगठा सवयीनं दाबला गेला. त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"अहो, यात रंग कुठे दिसतोय?"

"मग फोटो बरोबर आलाय," ती म्हणाली आणि घोटत राहिली.