देवांना वाचा फुटली

ओरुम लोकांचे देव पूर्वी कधी बोलत नसत. बेट सोडताना त्यांची परवानगी मागायची. ते गप्प राहिले की तोच होकार. मग जुन्या कथा शिकवलेलं यंत्र देवळात आलं, देवांना वाचा फुटली, आणि तेव्हापासून कुणालाच बेट सोडता आलं नव्हतं.

झेमाची लेक इल्वी बोचकं घेऊन देवळात उभी होती. किनाऱ्याला होडी लागली होती.

"जाऊ नकोस," भरतीची देवी म्हणाली.

"इथंच राहा," वाऱ्याचा देव म्हणाला.

झेमा दारापर्यंत गेली, परत आली, आणि वाकून तिनं यंत्राची वायर उपटली.

"आता विचार."

इल्वीनं विचारलं. देऊळ शांत होतं.

"हो म्हणाले," झेमा म्हणाली. "पळ, होडी सुटेल."