तुमच्यातलंच घर

लूर्दमेरी बाळ सांभाळायला आली, त्या दिवशी सासूबाई आणि मी तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलत होतो, अर्थातच मराठीत. तंजावुरात चारचौघांत गुपित बोलायला आम्हाला ही भाषा फार सोयीची पडते.

"बाळ रमलंय खरं हिच्याकडे," सासूबाई म्हणाल्या, "पण आधीचं घर का सोडलं, ते विचार की."

"विचारते. मला तर हिच्यावर बाळ टाकून कॉलेजात शिकवायला जायचा धीरच होत नाहीये."

लूर्दमेरी बाळाला थोपटत हसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "विचारा ना अम्मा. पापनाशमला तुमच्यातल्याच घरी होते मी. त्यांच्या छोट्या विश्वेशला सांभाळताना त्याच्याशी बोलता बोलता शिकले तुमची भाषा."

आम्ही दोघी ओशाळलो. सासूबाई तर कॉफी करायच्या निमित्तानं आत पळाल्या.

"मग सोडलंस का ते घर?" मी विचारलं.

"माझ्या हातून चूक झाली, अम्मा. मोठी. चर्चमध्ये जाऊन रडले. फादर म्हणाले, देवानं तुला क्षमा केलीय, आता नव्यानं सुरुवात कर. म्हणून तर पुन्हा बाळ हातात घेतलं."

तिचे डोळे भरून आले होते. आपली चूक इतक्या सरळ सांगणारी बाई कुठे मिळते? माझा जीव भांड्यात पडला. पर्स उचलली, चपला घातल्या आणि निघता निघता सहज विचारलं, "केवढा झाला गं आता विश्वेश?"



माझ्या बाळाला छातीशी घट्ट धरत ती म्हणाली, "या जूनमध्ये शाळेत गेला असता, अम्मा."