सातवा प्रश्न

"सातवा प्रश्न," ईशा म्हणाली. "तरुणपणी तुम्हाला कशाचं हसू यायचं?"

गुरुनाथ खुर्चीत जरा ताठ बसले. "जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकांचं. लिहून घे. आमच्या साहेबांकडे रंगीत टीव्ही होता. आम्ही सगळे तिथे बघायला जायचो."

कोविडमुळे आयर्लंडमधल्या या नावन गावातल्या शाळा जानेवारीत उघडल्याच नव्हत्या. बाईंनी घरी बसल्या आजी-आजोबांची मुलाखत घ्यायला सांगितली होती, आणि ईशाचे आजी-आजोबा विमानं बंद झाल्यामुळे वर्षभर इथेच अडकलेले. म्हणजे घरात दोन आयतेच मिळाले. ईशाला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र ती इंग्रजीतच द्यायची, तेही इथल्या हेलात. आजोबा मराठीत बोलायचे. दोघांचं उत्तम चालायचं.

"पण त्या खरंच विनोदी होत्या का?" तिने विचारलं.

"म्हणजे काय? अगं, साहेब मला म्हणायचे, गुरुनाथ, इंग्रजी विनोदाची जाण असावी तर तुमच्यासारखी." हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. ओट्यापाशी थालीपिठाचं पीठ मळणाऱ्या आजीने, विभावरीने, मान वर केली नाही.

बाईंनी पुरावा जोडायला सांगितलं होतं. ईशाने टॅबलेटवर तसली एक मालिका शोधून काढली. पडद्यावर एक पाद्री शिडीवर चढलेला, खाली त्याची शेजारीण. पाद्री काहीतरी पुटपुटला आणि मालिकेतल्या न दिसणाऱ्या माणसांचा हशा उसळला. गुरुनाथही हसले, अगदी मांडीवर थाप मारून.

ईशा हसली नाही. "आजोबा, युवर मॅन काय म्हणाला?" इकडे कुठल्याही बाप्याला 'युवर मॅन' म्हणतात.

"ते सांगण्यात मजा नाही. त्यांची बोलण्याची पद्धतच तशी."

ईशाने पुन्हा लावलं. या वेळी ती पडद्याकडे नाही, आजोबांकडे बघत होती. मग तिने वहीत काहीतरी टिपलं. पोरगी चौकस, उगाच नाही बाईंची लाडकी.

"ते हसले की मग तुम्ही हसता," ती म्हणाली. "आधी नाही."

"इंग्रजी ऐकून समजायला क्षणभर लागतोच."

तिने आणखी शोधाशोध केली. कुणा रिकामटेकड्याने त्याच प्रसंगातलं हसणं तेवढं काढून टाकलं होतं. बोलणं तसंच ठेवलेलं. तिने तेच सुरू केलं.

पाद्री शिडीवर चढला, पुटपुटला आणि थांबला. शेजारीणही थांबली. दोघं गप्प उभे. गुरुनाथ चेहऱ्यावर हसू तयार ठेवून बसले होते. बस येईना झाली की माणूस रस्त्याच्या टोकाकडे बघतो, तसे ते पडद्याकडे बघत राहिले. पाद्री पुन्हा बोलला, पुन्हा थांबला. हसू तिथेच राहिलं, मग हळूहळू उतरलं.

ईशाने टॅबलेट थांबवला. तिला चिडवायचं नव्हतं, खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच गुरुनाथांना वाईट वाटलं. बारा महिने या पोरीच्या नजरेत ते सगळं कळणारे आजोबा होते.

"तुम्हाला कळत होतं का, आजोबा?"

खोटं बोलता आलं असतं. इतकी वर्षं जमलंच होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "एक अक्षर नाही."

"मग हसायचात कशाला?"

"पुरुष पुढे खुर्च्यांवर बसायचे, बायका मागे सतरंजीवर. सगळे हसले की मीही हसायचो, आणि मागून तुझ्या आजीचं हसणं ऐकू यायचं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती कॉलेजात गेलेली, मी मॅट्रिक. म्हटलं, हिला कळतंय आणि आपल्याला नाही, हे हिला कळता कामा नये. म्हणून आणखी जोरात हसायचो."

विभावरी वळली. हात कोपरापर्यंत पिठाचे.

"मला कळत होतं?" ती म्हणाली. "अहो, मला त्यातलं काय कळणार? कॉलेजात मी संस्कृत घेतलं होतं."

"मग हसायचीस कशाला?"

"सगळ्यांचं हसून झालं, खोली शांत झाली, की तुमचं एकट्याचं सुरू व्हायचं. मागून तुमचे कान दिसायचे, लालभडक. मी पदराचा बोळा तोंडात कोंबायचे, तरी हसू आवरायचं नाही."

गुरुनाथांना लागलं ते. पाद्री शिडीवर अडकलेला, त्याच्याकडेच ते बघत बसले.

"सदतीस वर्षं," ते म्हणाले. "एकदाही बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही थांबला असतात," विभावरी म्हणाली आणि पुन्हा पिठाकडे वळली.

ईशाने पेन्सिल उचलली, आधी लिहिलेलं उत्तर खोडलं आणि खोडलेल्या जागेकडे बघत बसली. मग काही न सुचून तिने तेच पुन्हा सुरू केलं, हसणं काढलेलं. पाद्री पुटपुटला. थांबला. शेजारीण थांबली.

मग, बऱ्याच उशिराने, गुरुनाथ एकटेच हसले. मोठ्याने, मांडीवर थाप मारून.

ओट्याकडे तोंड करून उभ्या विभावरीचे खांदे हलायला लागले. हात पिठाचे, त्यामुळे तिला तोंडावर पदरही धरता येईना. ईशाने आजोबांच्या कानांकडे बघितलं, मग आजीच्या पाठीकडे, आणि सगळ्यांच्या शेवटी तीही हसली.