डावीकडची कडी

"पेटी सागवानी दिसते," दारातून कुणीतरी म्हणालं आणि कतरीन घाईनं पेटीच्या आड येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या दफनासाठी नवी घडवून घेतली, असं तिनं पाखाडीतल्या घरोघरी सांगितलं होतं.

विलायतेच्या राणीच्या राज्यात मातीत जायलाही दाम लागत. खरं तर ही म्युनिसिपालटीच्या दफनभूमीतली, गरिबांना फुकट मिळणारी पेटी होती. लोक पांगले की मृतदेह चादरीसकट खड्ड्यात ठेवायचा आणि पेटी परत द्यायची.

तेवढ्यात शेजारची इजाबेलबाय पेटीपाशी वाकली. आपल्या नवऱ्याची मयत किती थाटात निघाली, हे ती वर्षभर ऐकवत होती. तिची बोटं पितळी कडीवर थबकली. आता ही चारचौघांत अब्रू काढणार!

इजाबेलबाय कतरीनच्या कानाशी आली. "उचलणाऱ्यांना सांग बाय, डावीकडची कडी धरू नका. आमच्या ह्यांच्या वेळी तीच निसटली होती."