त्र्यंबकरावांचं पथ्य

पानं वाढून दहा मिनिटं झाली होती आणि वीस माणसं जिताडा माशाच्या तुकडीकडे नुसती बघत बसली होती.

त्या घराची रीत अशी की माणूस गेल्यावर चौदाव्या दिवशी तिखटाचं, मासळीचं जेवण करायचं आणि पहिला घास त्याच्या थोरल्या अपत्याने घ्यायचा. तोवर पंगतीने हात आवरायचा. त्र्यंबकरावांना अपत्य एकच. ती, हेमांगी, पानासमोर बसली होती आणि घास घेत नव्हती.

"घे गो बाय," वृंदाआत्या म्हणाली. "धोंडुबाई कोळणीनं सकाळीच आणून दिलाय, खाडीचा ताजा. दादाच्या आवडीचा. तू घास घे, म्हणजे माणसं जेवतील."

"मला नाही जाणार, आत्या."

सात महिन्यांपूर्वी त्र्यंबकरावांना कॅन्सर असल्याचं कळलं, त्याच संध्याकाळी आत्याच्या हर्षदचा पुण्याहून फोन आला होता. हर्षद एका औषधकंपनीत विक्री बघायचा, त्यामुळे घराण्यातला डॉक्टर तोच. मासे खाणाऱ्यांना कॅन्सर जास्त होतो, परदेशात तसा अभ्यास झालाय, तेव्हा मामांचे मासे आजपासून बंद, असं त्याने जाहीर केलं. मागोमाग तो अभ्यासही पाठवला. हर्षदने मथळा वाचला होता. हेमांगी कॉलेजात ग्रंथपाल. तिने सगळा वाचला. शेवटी अभ्यास करणाऱ्यांनीच लिहिलं होतं की एवढ्यावरून कुणी आपलं जेवण बदलू नये. ते वाक्य तिने दोनदा वाचलं, लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून दुधी आणला.

त्र्यंबकरावांनी दुधी खाल्ला, पडवळ खाल्लं, घोसाळी खाल्ली. कुरकुर केली नाही. एकदाच, गणपती गेल्यानंतर, म्हणाले, "हेमे, बाजारात जिताडा आलाय म्हणतात."

"बरे झालात की आणू, आप्पा," ती म्हणाली होती.

ते बरे झाले नाहीत. जिताडा मात्र आला.

समोरच्या ओळीत हर्षदने, हात रिकामाच होता म्हणून, फोन काढला. "गंमत बघा," तो म्हणाला. "नवा अभ्यास आलाय. मासे खाणारे कॅन्सरने कमी मरतात म्हणे. मामांचे मासे बंद करायला नको होते खरं तर."

"तूच सांगितलं होतंस ना रे?" आत्या म्हणाली.

"मी माहिती दिली होती, आई. निर्णय हेमांगीचा होता."

हेमांगीला यात खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही.

तेवढ्यात सुलेमान मास्तर आले. रोह्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि त्र्यंबकराव गणित. अठ्ठावीस वर्षं दोघे एकाच बाकावर बसून डबा खात. गाडीला उशीर झाल्याचं सांगत ते हेमांगीच्या शेजारच्या रिकाम्या पाटावर टेकले. घास का अडलाय, ते आत्याने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं.

"कुणाचे मासे बंद होते?" सुलेमान मास्तरांनी विचारलं.

"आप्पांचे, काका. सात महिने."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे. "आणि बुधवारी तो रोह्याला कशाला यायचा, गो?"

"वैद्यांकडे. काढा प्यायला."

"कसला वैद्य नि कसला काढा! माझ्याकडं यायचा. तुझी फरझानाकाकी माशाचं कालवण करायची नि हा ओरपायचा. अंथरुणाला खिळेपर्यंत एक बुधवार चुकवला नाय. श्रावणातला बी नाय."

"मी बरोबर डबा द्यायचे तो?"

"दुधीचा? तो मी खायचो. माझी शुगर उतरली."

पंगतीत कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. बाकीच्यांना तेवढाही खोकला जमला नाही; ते उघडच हसले.

"तरीच!" हर्षदने मांडीवर थाप मारली. "मी म्हणतच होतो. पथ्य मोडल्याशिवाय माणूस एवढ्या लवकर जात नाही."

नवा अभ्यास पाच मिनिटंही टिकला नाही.

हेमांगीला बुधवारच्या संध्याकाळी आठवल्या. काढ्याने भूक मरते म्हणून आप्पा न जेवता झोपायचे. ती घाबरून मुंबईच्या डॉक्टरांना फोन करायची, वहीत 'भूक मंद' असं लिहायची. आणि हा माणूस पोटभर कालवण खाऊन, भिंतीकडे तोंड करून ढेकर दाबत पडलेला असायचा. तिला इतका राग आला की दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिला नीट भूक लागली. तिने तुकडी मोडली, काटा बाजूला काढला आणि घास तोंडात घातला.

वीस हात एकदम पानांवर पडले. सगळ्यांत आधी हर्षदचा. आत्याने भाकऱ्यांची टोपली फिरवली, कुणी रस्सा मागितला, कुणी मीठ. त्या गलक्यात हेमांगी सुलेमान मास्तरांकडे वळली.

"मला एकदा तरी सांगायचं होतंत, काका. मी काही मारलं नसतं त्यांना."

"मी म्हटलं होतं त्याला." मास्तर काटा निवडत हळू आवाजात बोलत होते. "म्हटलं, त्र्यंबक, पोर वाचणारी हाय, समजून घेईल, सांगून टाक. तर माझ्यावरच डाफरला. म्हणाला, 'गप ऱ्हा. तिनं सगळं वाचलंय, तिला ठाऊक हाय मासे सोडून काय होणार नाय ते. पथ्य माझं नाय, तिचं चाललंय. ते मोडू नको.'"