सात फॅटचा पेला

थोरल्या नातवाचं, सूरजचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, भगवंतच्या पोटाचं दुखणं निघालं. मंचरचे डॉक्टर म्हणाले, दूध चालेल, पण फॅट दोनच्या वर नको.

घरच्या म्हशीचं दूध सात फॅटचं. डेअरीतून फॅट काढून घेतलेलं सेपरेट दूध आणलं. भगवंतने एक घोट घेऊन पेला सरकवला.

"ह्ये काय, भांड्याचं धुवण? त्यापरीस उपाशी बरा."

दुधाशिवाय त्याला भाकरी उतरेना. वजन घटत चाललं.

धाकटी नात स्नेहल नववीत होती. शाळेत मिश्रणाची गणितं चालली होती. तिने वही उघडली.

"पेला साडेतीनशे मिलीचा. दूध एक्स धरू. सात एक्स बरोबर साडेतीनशे गुणिले दोन. एक्स आला शंभर. बाकी अडीचशे पाणी घाल, आजी."

"पाणी?" बयाबाई म्हणाली. "चाळीस वर्सं डेअरीला दूध घालतीया. गिऱ्हाइकाला कधी पाणी पाजलं न्हाई, आन नवऱ्याला पाजू व्हय?"

"मग सेपरेट घाल. गणिताला दोन्ही सारखंच. फॅट शून्य."

भगवंत तो पेला प्यायला. "म्हस म्हातारी झाली का काय गं?" एवढंच म्हणाला.

बयाबाई साठीत अक्षरं शिकली होती, डेअरीची पावती वाचता यावी म्हणून. आता ती रोज सकाळी पावतीवरचं फॅट बघून पाटीवर गणित मांडायची. म्हशीचं फॅट कधी साडेसहा, कधी आठ. पेल्यातलं दोन हललं नाही. असं दीड वर्ष चाललं.

जानेवारीत सूरजने आजोबांना पुण्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. निघताना डॉक्टरांनी बयाबाईला बाजूला घेतलं होतं. "आजी, आता पथ्य नको," ते म्हणाले होते.

दुसऱ्या सकाळी पावतीवर फॅट सात होतं. बयाबाईने गणित मांडलं. स्नेहल डोकावली.

"आजी, चुकलं. दूध साडेतीनशे आणि सेपरेट शून्य आलंय."

"बरुबर हाय. आज दोन न्हाई, सात पायजे."

भगवंतने पेला एका दमात संपवला. मिशीला लागलेली साय बोटाने निपटून खाल्ली.

"आज जमलं बघ तुला गणित, बये."

भगवंत १२ जानेवारी २०२४ रोजी, सकाळच्या धारेच्या वेळी वारला.