अत्तर राहिलंय

"पाटल्यांच्या मधे हिरव्या बांगड्या घट्ट बसव, म्हणजे उजेड बाहेर येत नाही," वसुमतीबाईंनी सुनेला सकाळीच बजावलं होतं. "हळदीकुंकवाला चार बायका येणार. आमच्या घरात असलं काही नाही, लक्षात ठेव."

असलं काही म्हणजे बायपोलर. शाल्मलीच्या मनगटाच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप होती. मन फार उसळणार किंवा खचणार असलं की ती आधीच निळी व्हायची. मग शाल्मली डॉक्टरांना विचारून औषध बदलायची आणि कॉलेजात शिकवायला जायची.

संध्याकाळी तिने एकेकीच्या हाताला अत्तर लावलं. बांगड्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी तिने सासूबाईंचा हात हातात घेतला.

दोघींची मनगटं एकदम निळी झाली.

दोन चिप जवळ आल्या की एकमेकींना ओळखून लखलखतात, ही सोय चिप बनवणाऱ्या कंपनीने आजच सुरू केली होती. हा उजेड बांगड्यांना दबणारा नव्हता.

शाल्मलीच्या हातून अत्तरदाणी पडली. "आई... तुमची ती रोजची बीपीची गोळी...?"

"अगंबाई! दोघींना?" पेंडसेकाकू उठूनच उभ्या राहिल्या.

वसुमतीबाई पांढऱ्याफटक पडल्या. शाल्मलीने झटकन हात मागे घेतला. दोन्ही मनगटं विझली.

वसुमतीबाईंनी आपल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि सगळ्यांदेखत सुनेचा हात पुन्हा ओढून घेतला.

"माझं अत्तर राहिलंय," त्या म्हणाल्या.